सातशे चौदाचा रंग

हॅडली, आयोवा
२८ ऑगस्ट, सकाळचे साडेनऊ

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या लायलचा, दोन्ही गुडघे कुरकुरत असले तरी खाली वाकून, नमस्कार. तुझा नवा खुबा कसा आहे? वॉकर सुटला का, की अजून त्याला धरूनच स्वयंपाकघरापर्यंत जातेस? तिकडे वाळवंटात, युमात, उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ होतं असं ग्लेनभावजींनी मागच्या पत्रात लिहिलं होतं, तेव्हा दुपारची बाहेर पडत नसशील अशी आशा आहे. भावजींचं घोरणं कमी झालं का? (तू फोनवर ऐकवलंस तेव्हा मला आधी वाटलं की मालगाडी चढाला लागली आहे. मी इंजिनाचा प्रकारसुद्धा ओळखला होता, पण तू वाईट वाटून घेशील म्हणून बोललो नाही.) इकडे मका डोक्याच्या वर गेलाय, मार्लिस ठणठणीत आहे, आणि माझं म्हणशील तर रक्तदाब सोडून सगळं बरं. हे अक्षर असं वाकडंतिकडं आलंय ते म्हातारपणामुळे नाही. भीतीमुळे आलंय.

फोनच केला असता, पण मार्लिसचे कान तुला माहीत आहेत. ती अंगणात कपडे वाळत घालत असली तरी मी आत फ्रिज उघडल्याचं तिला कळतं, आणि कुठल्या खणाला हात लावला तेही. आज ती चर्चच्या जेवणासाठी पन्नास माणसांचं बटाट्याचं सॅलड करायला गेलीय, म्हणून ही संधी साधून लिहितोय. वाचून झालं की पत्र फाडून टाक. जाळलंस तर उत्तम. भावजींना दाखवू नकोस. ते मनाने चांगले आहेत, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

तर झालं असं, की सातशे चौदा परत आलं. तुला आठवत असेल, फॉक्स प्रेअरी रेल्वेचं मालगाडी ओढणारं डिझेल, शहात्तर साली नवंकोरं आलं होतं तेच. जवळजवळ पन्नास वर्षं त्याने कोठारांतला मका नदीपर्यंत वाहिला. दोन वर्षांपूर्वी एका चढावर असं काही धापा टाकत थांबलं, की मालकीणबाई मिसेस बुडाल यांनी ते दूरच्या कारखान्यात नूतनीकरणाला धाडलं. तिथे त्याच्या पोटातलं सगळं उपसून काढलं. खालची लोखंडी चौकट तेवढी जुनी ठेवली, आणि त्यावर यंत्र नवं, तारा नव्या, ड्रायव्हरची केबिन नवी. जूनमध्ये ते परत आलं तेव्हा अंगावर नुसता राखाडी अस्तराचा रंग होता, वरचा रंग आमच्याकडे यायचा होता. आमचा अख्खा डेपो क्लब (आम्ही अकरा जण, सगळे साठीच्या पुढचे, दर शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन जुन्या फलाटावर बसणारे) त्या दिवशी रांगेत उभा होता. कुणी फोटो काढले, कुणी डोळे पुसले. पाच मिनिटांत भांडण सुरू झालं.

आधी ते भांडण साधं होतं. घंटा पूर्वी कपाळावर होती ती आता पोटाखाली का गेली, खिडक्यांवरची पत्र्याची भुवई का छाटली, छपरावरचे पंखे तीन होते त्यांचे दोन कुणाच्या परवानगीने केले, असं. ही आमची नेहमीची करमणूक आहे, त्याने कुणी मरत नाही. मग रंगाचा विषय निघाला. चौऱ्याहत्तर सालापर्यंत या लाईनची इंजिनं हिरवी होती आणि चौऱ्याहत्तरनंतर ती गडद लाल झाली, हे तुला ठाऊक आहे. (क्रीम रंगाचा पट्टा दोन्हींवर तोच, त्याच जागी.) आमचे दातांचे डॉक्टर ट्वेड हिरव्या पक्षाचे पुढारी, आणि न्हावी डुएन कोझ्लिक लाल पक्षाचा. कोझ्लिकचं म्हणणं, सातशे चौदा जन्मलंच लाल, त्याने आयुष्यात हिरवा अंगाला लावलेला नाही, त्याला हिरवा देणं म्हणजे धडधडीत खोटं बोलणं. डॉक्टरांचं म्हणणं, चौकट सोडली तर ते इंजिन यंदा जन्मलंय, आणि यंदाच्या बाळाला आजोबांचा रंग द्यायचा की बापाचा ते घरच्यांनी ठरवावं. मग ते जुनंच इंजिन की नवं, यावर तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी कुणीतरी कुणाच्या तरी थर्मासला लाथ मारली.

शेवटी मिसेस बुडाल स्वतः फलाटावर आल्या. बाई मोठ्या खमक्या. म्हणाल्या, "मागच्या वेळी मी एक पट्टा दोन इंच खाली घेतला तर तुम्ही मला सत्तेचाळीस पत्रं पाठवलीत. या वेळी रंग तुम्हीच ठरवा. पण तोंडी नको. मागे फोनवर 'गडद लाल' सांगितलं तर त्या रंगाऱ्याने अख्खा डबा गुलाबी रंगवला. रंगवलेली लोखंडी पाटी द्या हातात, तिच्याबरहुकूम तो रंग कालवेल." आणि गेल्या. क्लबात मतदान झालं. पाच हिरवे, पाच लाल. अकरावं मत सेक्रेटरीचं, आणि ताई, बावीस वर्षं या क्लबाचा सेक्रेटरी कोण आहे ते तुला सांगायला नको.

दहा माना माझ्याकडे वळल्या. 'मला विचार करायला वेळ द्या' म्हणायला गेलो, त्यातला फक्त 'वेळ' बाहेर आला.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितोय, पण घाबरलेला माणूस असंच करतो. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. दोन्ही मला ओल्या मातीसारखे दिसतात. लाल म्हणजे जरा जास्त भिजलेली माती, हिरवा म्हणजे जरा कमी, आणि कधी कधी उलट. लहानपणी आई टोमॅटो तोडायला पाठवायची तेव्हा तू कुंपणाआडून 'हो', 'नाही', 'हो', 'नाही' करायचीस म्हणून मी मार चुकवला. एकोणिसाव्या वर्षी रेल्वेत ड्रायव्हर व्हायला गेलो तेव्हा कुंपणाआड तू नव्हतीस. त्यांनी टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी टाकल्या आणि लाल वेगळ्या कर म्हणाले. मी लालमध्ये सात हिरव्या घातल्या. तो तपासनीस माणूस वाईट नव्हता. त्याने लडी गोळा केल्या आणि हळूच म्हणाला, "पोरा, तुझ्या हातात माणसं देता येणार नाहीत." घरी मी सांगितलं की गुडघ्यांमुळे नापास केलं. (त्या पापाने गुडघे खरोखरच बिघडले, हे तू पाहतेसच.) मग मी अठ्ठेचाळीस वर्षं विम्याच्या कचेरीत काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर लिहिलं. खरं काय ते तू सोडून कुणालाच माहीत नाही. मार्लिसलाही नाही. छत्तीस वर्षं संसार केला, पण तिला संशयसुद्धा येऊ दिलेला नाही.

क्लबात तर माझी फारच वेगळी कीर्ती झाली. बावीस वर्षांत रंगाबद्दल मी चकार शब्द काढला नाही, त्याचा अर्थ या मंडळींनी असा लावला की लायल खोल आहे. "लायल बोलत नाही, पण त्याला सगळं दिसतं," असं डॉक्टर ट्वेड नव्या माणसाला सांगतात. हे ऐकलं की मी सभेच्या वहीत डोकं खुपसतो.

मत द्यायला मला तीन आठवडे मिळाले. असे तीन आठवडे शत्रूवरही येऊ नयेत. पहिल्याच सोमवारी माझी दाढ दुखायला लागली. गावात दातांचा डॉक्टर एकच. खुर्चीत मागे टेकलो, तोंड उघडलं, आणि वरून डॉक्टर ट्वेड यांचा चेहरा खाली आला. हातात ते फिरणारं यंत्र. ते सुरू करून त्यांनी ते माझ्या तोंडापासून बोटभर अंतरावर धरलं आणि अगदी मायेने म्हणाले, "लायल, तुझा काय विचार आहे, हिरव्याबद्दल?" मी "आ" म्हणालो. तोंड उघडं असताना दुसरं काय म्हणणार? ते म्हणाले, "वाटलंच मला," आणि दाढ अशी अलगद भरली की कळलंसुद्धा नाही. मी गाडीत बसून पाच मिनिटं किल्ली शोधत होतो, ती हातातच होती. आता माझं 'आ' म्हणजे होकार ठरला होता.

पुढच्या बुधवारी केस कापायचे होते. न्हावीही गावात एकच. (तू म्हणशील, केस वाढू द्यायचे होते. तसं केलं असतं तर कोझ्लिकला कळलं असतं की मी त्याला टाळतोय, आणि मी त्याला का टाळतोय हे दुपारपर्यंत गावाला कळलं असतं.) त्याने मानेवर गरम फेस लावला, वस्तरा उघडला आणि कानामागे थांबला. "काय सेक्रेटरीसाहेब, दात बरा झाला म्हणे?"

"हो."

"फार गप्पा झाल्या असतील तिकडे."

"तोंड उघडंच होतं माझं, डुएन. गप्पा कसल्या."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि वस्तरा एकदाचा खाली आला. मग हळूच म्हणाला, "माझ्या थोरल्या भावाने सातशे चौदावर एकवीस वर्षं काढली, लायल. त्याच्या शवपेटीवर आम्ही लालच पट्टी लावली होती. मी तुला काही सांगत नाही. फक्त मान हलवू नकोस." ताई, मी मान हलवली नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. पण त्या वस्तऱ्यापेक्षा त्याच्या आवाजाचीच मला जास्त भीती वाटली. तोवर मी समजत होतो की म्हातारी माणसं रंगावरून भांडतायत.

भरीला भर, ही बातमी कुणीतरी इंटरनेटवर टाकली. जगात इंजिनांचे रंग जपणारी माणसं किती आहेत याची तुला कल्पना नाही. विनिपेगहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांनी मला अर्धा तास हिरव्या रंगाचा इतिहास सांगितला आणि शेवटी अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. एक पुस्तिका पाठवतो." यात धमकी काहीच नव्हती, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून टपालपेटी उघडताना मी एका बाजूला उभा राहतो.

आता पाट्यांचं ऐक. दोन्ही पक्षांनी आपापली पाटी रंगवून माझ्या घरी आणून दिली. वहीएवढ्या, सारख्याच मापाच्या. डॉक्टर आले, अंगणात उन्हात पाटी धरून म्हणाले, "बघ, हा पाइनच्या पानांसारखा उतरलाय की जरा पिवळट झालाय?" मी पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, तिरकी केली, आणि शेवटी म्हणालो, "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "पिवळट." मी म्हणालो, "मी बोलणारच होतो." ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी नव्याने रंगवून आणली. (मला ती तीच वाटली.) कोझ्लिकच्या वेळीही मी हेच केलं. मग दोन्ही पाट्या घरात, आणि मला काही केल्या कळेना कोणती कोणाची, म्हणून कोझ्लिकची हातात असतानाच तिच्यामागे पेन्सिलने 'केस' लिहिलं आणि डॉक्टरांच्या पाटीमागे 'दात'. गॅरेजात खिळ्यांच्या डब्याआड दोन्ही ठेवून दिल्या, आणि रोज जाऊन अक्षरं जागेवर आहेत का पाहून यायचो.

मत मी ठरवलं होतं. हिरवा. डॉक्टरांच्या भीतीने नाही, खरंच नाही. बाबा रूळ तपासायला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, तेव्हा तू मला कुंपणावर चढवून म्हणायचीस, "लायल, ते बघ हिरवं इंजिन, बाबा आले." मला इंजिन दिसायचं, मातीच्या रंगाचं. पण तो हिरवा मी तुझ्या आवाजात पाहिलाय. दुसरा हिरवा मला माहीतच नाही. म्हटलं, आयुष्यात एकदा रंगाबद्दल बोलायचंय तर तो बोलू.

या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सभा झाली. मिसेस बुडाल खुर्ची टाकून बसल्या होत्या, गावातली चाळीस-पन्नास माणसं होती, वर्तमानपत्रवाली बाई होती, मार्लिस कॉफी केक घेऊन दाराशी. अध्यक्ष हॅन्रॅटी (शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, साध्या गोष्टीचाही समारंभ करतात) म्हणाले, आता सेक्रेटरी बोलतील आणि निवडलेली पाटी उंच धरतील. माझ्यासमोर टेबलावर दोन्ही पाट्या. शर्ट पाठीला चिकटलेला. मी आधी मागची अक्षरं पाहिली, पाट्या ओळीने लावल्या, 'दात' उजवीकडे. मग बोललो. बाबांचं बोललो, कुंपणाचं बोललो, तुझं बोललो. एरवी मला सभेत हिशेबाच्या पलीकडे शब्द सुचत नाही, पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. बायका डोळे पुसत होत्या. डॉक्टर ट्वेड ताठ बसले होते आणि कोझ्लिक मान खाली घालून. मी म्हणालो, "म्हणून माझं मत बाबांना घरी आणणाऱ्या रंगाला," उजवीकडची पाटी उचलली, मागे 'दात' आहे ते शपथेवर सांगतो पुन्हा एकदा पाहिलं, आणि ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

कुणी टाळी वाजवेना.

ताई, अशी शांतता मी एकदाच ऐकली होती, त्या लोकरीच्या टेबलापाशी. पलीकडच्या कोठारातला पंखा ऐकू यायला लागला. मी माणसांचे चेहरे पाहिले. डॉक्टरांचं तोंड उघडं होतं. कोझ्लिकने मान वर केली, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कळलं. मी लाल उचलली होती. माझे हात खाली येईनात. वाटलं, आता हॅन्रॅटी उठतील आणि विचारतील, "लायल, ही कोणत्या रंगाची पाटी आहे?" आणि संपलं.

पण कोझ्लिक रडायला लागला. मोठ्याने, एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखा. आणि डॉक्टर ट्वेड उठून सरळ माझ्याकडे चालत आले. मी डोळे मिटले, कारण मला वाटलं मारणार. त्यांनी माझा हात धरला. "लायल," ते म्हणाले, "स्वतःच्या बापाचा रंग बाजूला ठेवून तू इंजिनाच्या रंगाला मत दिलंस. माझ्याच्याने हे झालं नसतं." आणि वळून सगळ्यांना म्हणाले, "बाबांना घरी आणलं ते रंगाने नाही, इंजिनाने. हेच म्हणायचंय ना तुला?" मी "आ" म्हणालो. मग जी टाळी वाजली ती थांबेना. हिरवे लालांच्या गळ्यात पडले. त्या दिवसापासून गावात मी कुठेही गेलो तरी माझी कॉफी आधीच भरलेली असते, आणि ज्याला त्याला माझ्याशी हात मिळवायचा असतो. मला मात्र अन्न गोड लागत नाही. खोटेपणाबद्दल शिक्षा झाली असती तर चाललं असतं. हे सहन होत नाही.

सातशे चौदा आता लाल झालंय. (असं म्हणतात.) छान दिसतं. (असंही म्हणतात.)

आणि ताई, खरी भीती पुढेच आहे. क्लबाने ठराव केलाय की १३ सप्टेंबरला, शनिवारी, रंगवलेल्या इंजिनाची मानाची फेरी निघेल तेव्हा केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी मी बसायचं, मागे एक प्रवासी डबा जोडायचा, त्यात सगळा गाव, आणि वाटेतले सिग्नल मी मोठ्याने पुकारायचे, ते भोंग्यातून डब्यात ऐकू येणार. हा माझा सन्मान. ठराव मीच वहीत लिहून घेतला, सेक्रेटरी ना मी! पहिले दोन सिग्नल मला जमतील, तिथे दिवे एकावर एक आहेत, वरचा पेटला की हिरवा आणि खालचा पेटला की लाल. पण नदीच्या पुलाअलीकडचा सिग्नल जुन्या पद्धतीचा आहे. एकच दिवा, त्याच्यातली काच आतल्या आत बदलते. तिथे वरखाली काही नाही. मी चारदा जाऊन पाहून आलोय. चारही वेळा माती.

गाडी नदीत पडणार नाही, एवढं मलाही कळतं. ड्रायव्हरला डोळे आहेत. पण लालला मी 'हिरवा' म्हणालो, आणि ते भोंग्यातून पन्नास माणसांनी ऐकलं, तर त्या लोकरीच्या टेबलामागच्या तपासनीसाचं वाक्य अख्ख्या गावासमोर खरं होईल. नाही म्हणायला दोनदा हॅन्रॅटींच्या घरी गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला मिठी मारली.

असो. तुझ्या प्रकृतीला जप. भावजींना नमस्कार. घाबरण्यासारखं काही नाही, मी आपलं सहज लिहिलं.

तुझा भाऊ,
लायल

ता. क. पुलाअलीकडे उजव्या हाताला बाभळीसारखी काटेरी झाडं आहेत, त्यांच्यापाशी माणूस उभा राहिला तर केबिनमधून दिसतो पण डब्यातून नाही. तेरा तारखेला तू तिथे उभी राहू शकशील का? युमाहून बसने दोन दिवस लागतात, मी चौकशी केली. वॉकर आणलास तरी चालेल, जमीन सपाट आहे. हिरवा असेल तर रुमाल हलव. लाल असेल तर काही करू नकोस.

ता. क. दुसरा. रुमाल कृपा करून पांढरा आण.

ता. क. तिसरा, दुसऱ्या अक्षरात.

सौ. व्हर्नावन्सं यांस मार्लिसचा नमस्कार. टपालाची तिकिटं माझ्या पर्समध्ये असतात, आणि हा माझ्याकडेच मागायला आला, तेव्हा पाकीट उघडून वाचलं ही माझी चूक नाही. मला लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे. वाढदिवसाला त्याने मला "लाल" स्वेटर आणला होता, बेडकासारखा हिरवागार. मी तो अकरा हिवाळे घातला आणि विचारेल त्याला लालच सांगितलं. तुम्ही त्याला काही बोलू नका. मला माहीत नाही या समजुतीत तो सुखात आहे.

पाट्यांच्या मागची अक्षरं मी बदलली. ते इंजिन दिवसातून चार वेळा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जातं, आणि डॉक्टरांचा हिरवा फार शिजलेल्या वाटाण्यासारखा होता. या घरात ज्याला रंग दिसतात त्याने ठरवावं असं मला वाटलं. तो काय बोलणार आहे ते त्याने मला सांगितलं नव्हतं. तुमच्या बाबांचं ते मी दाराशी उभी राहून पहिल्यांदाच ऐकलं, वन्सं. आधी ऐकलं असतं तर मी त्या पाट्यांना हात लावला नसता. आता इंजिन गेलं की मी खिडकीचा पडदा ओढते.

तुम्ही खुबा सांभाळा, इकडे येऊ नका. त्याला एवढंच कळवा, की तुमच्या ओळखीच्या एक बाई पुलापाशी उभ्या राहतील. मी डोक्याला फडकं बांधून जाईन, तो ओळखणार नाही. हल्ली त्याला लांबचंही धड दिसत नाही, तेही तो कबूल करत नाही. म्हणून मी रुमाल नाही, पलंगपोस नेणार आहे.